वाशी ते भूम, न फुटता

वाशी, ता. भूम, जि. उस्मानाबाद
३ मार्च १९८६

आण्णा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. वहिनींना माझी आठवण सांगा. आम्ही सगळे सुखरूप, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. विहीर कोरडी पडली, टँकर येईल तेव्हा खरा, आणि म्हैस मला बघून मान फिरवते.

पत्राचं कारण तुम्हाला विचित्र वाटेल. मला मोटारसायकलचे शॉकप घरी खोलून दुरुस्त करायचेत. हसून झालं की पुढं वाचा.

आमची अंड्यांची सोसायटी तुम्हाला ठाऊक आहे. भीमनगरातल्या बनाबाई चेअरमन, मी सचिव, आणि ज्यांच्या घरी कोंबडी आहे त्या सगळ्या बाया सभासद. औंदा रानात काही उगवलं नाही, पण कोंबडीला ते कुणी सांगितलं नाही, ती बिचारी अंडं देते. ही अंडी भूमच्या बोर्डिंगात पोचवायची. पोचवणारे आमचे हे. गाडी मामंजींची जुनी इंग्रजी फटफटी, मिलिटरीच्या लिलावातली. मामंजी गेल्यापासून ती गोठ्यातच होती, आता आम्ही बाहेर काढली.

आता अडचण ऐका. वाशी-भूम रस्त्यावर रोजगार हमीची खडी टाकलीय. रोलर येणार होता, तो दुसऱ्याच तालुक्यात गेला. खडी फोडायला आम्हीच बाया जातो. म्हणजे सकाळी आम्ही खडी फोडतो आणि दुपारी तीच खडी आमची अंडी फोडते. ह्यांनी गाडी कितीही हळू नेली तरी भूमला पोचेस्तोवर निम्म्या अंड्यांचं पाणी झालेलं असतं. भुशात बांधून बघितली, तर निघायच्या आत भुसा म्हशीनं खाल्ला. आता गावात भुसा औषधालासुद्धा नाही. एस.टी.च्या टपावर पाठवली, तर उन्हानं काही उकडली आणि उरलेली एका पाहुण्याच्या पटक्यावर फुटली. तेव्हापासून कंडक्टर मला लांबून बघितलं की डबल बेल देतो.

तालुक्याच्या साहेबांनी कळवलंय, असंच चाललं तर सोसायटी मोडून टाकू. आण्णा, ह्या दिवसांत आमच्या चुली पेटतात त्या ह्या अंड्यांवर. बनाबाईंनी आणि मी दारोदार फिरून बायांना सभासद केलं. सोसायटी मोडली तर मला ह्या गावात तोंड दाखवायला जागा नाही.

हे म्हणतात, मागचे शॉकप गेलेत. चाकाच्या दोन्ही अंगांना हातभर लांबीची नळकांडी असतात, वर स्प्रिंग, आत तेल. खड्डा आला की दबायचं आणि सावकाश उठायचं, हे त्यांचं काम. आमचे दबतच नाहीत. खड्डा असेल तसाच्या तसा वर येतो. बार्शीचा मेस्त्री म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीचं सामान मिळत नाही, भंगारात घाला. तुमच्या शिलाईच्या दुकानाला लागून गॅरेज आहे ना, तिथं विचारून लिहा.

सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, अजून तेच. आत्याबाई माळकरी, त्यात घरातून अंड्यांचा कारभार चालतो, म्हणून माझ्याशी बोलणं बंद. जे सांगायचं ते म्हशीला सांगतात आणि मी ऐकून घेते.

तुमची सुमन


सोलापूर
१० मार्च १९८६

चि. सुमन,

आशीर्वाद. माझं हसून झालं, तुझ्या वहिनीचं अजून चालू आहे.

मी पडलो टेलर माणूस. पण शेजारचा बसवराज मेस्त्री पक्का आहे. अडचण एवढीच की तो कायम कुठल्यातरी ट्रकखाली असतो. आज इतकी वर्षं शेजार आहे, मी त्याचे पाय ओळखतो, तोंड बाजारात दिसलं तर ओळखीन का सांगता येत नाही. त्याच्या पायांना मी तुझं सगळं वाचून दाखवलं. खालून उत्तर आलं, "खोल, धू, वायसर बदल, तेल घाल." बाकीचं मी माझ्या अकलेनं भरून पाठवतोय. मशीन शेवटी मशीनच, शिलाईचं काय नि फटफटीचं काय.

आधी वरचा-खालचा नट काढून शॉकप उतरव. मग स्प्रिंग दाबून धर. दाबली की टोपणाखाली चंद्रकोरीसारखे दोन लोखंडी तुकडे मोकळे होतील, ते काढ. मग टोपण निघेल, स्प्रिंग निघेल, आतला दांडा निघेल. रॉकेलनं सगळं धू. दांड्याभोवतीचं चामडी वायसर कुजलं असेल, ते नवं घाल. नवं तेल भर आणि ताक घुसळतो तसा दांडा खालीवर कर, बुडबुडे यायचे थांबेस्तोवर. की झालं.

स्प्रिंग दाबायला प्रेस लागतो. तो तुझ्याकडं नसणार. स्क्रूवर फिरून दाब देणारं घरातलं काहीही चालेल. फक्त दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड न्यायचं नाही, हे बसवराजनं दोनदा सांगितलं. त्याचं दोनदा बोलणं म्हणजे मोठी गोष्ट.

तुझ्या श्रीपतरावांना म्हणावं, भंगारात घालू नका. आपल्यात टाकणं ही रीत नाही, उसवायचं आणि परत शिवायचं.

तुझा आण्णा


वाशी
१९ मार्च १९८६

आण्णा,

तोंड नेलं नाही. पण छपराचा विचार तुम्ही दोघांनीही केला नव्हता.

स्क्रूवर फिरणारं म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं एकच वस्तू आली, शेवयाचा साचा. बनाबाईंकडं लोखंडी आहे, हातभर उंच, वरचा दांडा फिरवला की पीठ खाली रेटतो. त्यांनी आनंदानं दिला. गेल्या साली त्याच साच्यातल्या शेवया मी घरात आणल्या तर आत्याबाईंनी तोंडाला लावल्या नव्हत्या. औंदा साच्यात शॉकप बघून म्हशीला म्हणाल्या, "लोखंडाला लोखंड चालतंय." बनाबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग पुढच्या साली लोखंडाच्याच शेवया करू." आत्याबाई काही बोलल्या नाहीत. म्हैसही बोलली नाही.

पहिला शॉकप निघाला. ह्यांनी साचा धरला, मी फिरवलं, चंद्रकोरी निघाल्या. आम्हाला लई हुशारी चढली. दुसऱ्याच्या वेळी साच्याचा एक पाय पाटावरून घसरला आणि स्प्रिंग गेली. माळवदाला उजेडासाठी सानं ठेवलेलं असतं, तेवढंच एक भोक, बरोब्बर त्याच्यातून गेली. नेम धरून मारली असती तर भिंतीला लागली असती.

बाहेर टँकरला बायांची रांग होती. स्प्रिंग कडूबाईच्या हंड्यात जाऊन पडली. कडूबाईनं बोंब ठोकली, टँकरचं काहीतरी तुटून पडलं. टँकरचा डायवर गोरोबा, तो खाली उतरला, स्प्रिंग हातात घेऊन टँकरखाली वाकून बघू लागला, कुठनं पडली म्हणून. मी धावत गेले, म्हणाले, आमची आहे, मोटारसायकलची. तो म्हणाला, "बाई, मला येड्यात काढू नका. मोटारसायकलीला एवढी जाड स्प्रिंग कुठं असती व्हय?" आणि घेऊन गेला.

दुसऱ्या खेपेला बघते तर त्यानं ती आपल्या सीटखाली बसवलीय. म्हणतो, ती पडल्यापासून गाडी बिघडली होती, परत बसवल्यावर कंबर दुखायची थांबली. आता ह्याला काय म्हणावं.

तेल कोणतं घालायचं ते तुम्ही लिहिलंच नाही. लवकर कळवा.

सुमन


सोलापूर
२७ मार्च १९८६

चि. सुमन,

तुझं पत्र मी बसवराजच्या पायांना वाचून दाखवलं. पाय हलत होते, म्हणजे हसत असणार.

गोरोबाशी भांडून उपयोग नाही. अडाण्याशी बोलताना आवाज चढवू नये, त्याचं अडाणीपण वाढतं. मोटारसायकलची स्प्रिंग त्याला टँकरची वाटते, म्हणजे त्याला दोन्हींतलं काही कळत नाही. गोडीनं काढून घे.

तेलाचं विचारलं. बसवराज म्हणाला, "मध्यम." मी म्हणालो, मध्यम म्हणजे नेमकं कसं? तर तो ठोकाठोकी करू लागला. मग मी त्याच्या डब्यात बोट बुडवून आलो. आपल्या करडईच्या तेलासारखं आहे. तेवढ्याच धारेचं घाल, जाड नको, पातळ नको. जाड घातलं तर नवा कोट घातल्यासारखं अवघडतं, पातळ घातलं तर पायजमा सुटल्यासारखं होतं.

तुझा आण्णा


वाशी
८ एप्रिल १९८६

आण्णा,

स्प्रिंग मिळाली. गोडीनं नाही. बनाबाईंनी रांगेतल्या सगळ्या बायांना हंडे पालथे घालून त्यांच्यावर बसायला सांगितलं. गोरोबाला म्हणाल्या, पाणी नको आमाला, न्या परत. तो हसला, मग घाबरला. दुष्काळात गावानं पाणी घेतलं नाही, हे तो हापिसात कुठल्या तोंडानं सांगणार? उन्हात बसून राहिलो. शेवटी त्यानं सीटखालून स्प्रिंग काढून दिली आणि म्हणाला, "घ्या. पर ही मोटारसायकलीची न्हाय, हे ध्यानात ठेवा." त्याचा हेका काही सुटत नाही.

वायसरचं मीच जमवलं. घरातल्या स्टोव्हच्या पंपाचं चामडी वायसर दांड्याला ठाकून ठोकून बसलं. एक आमच्या स्टोव्हचं, एक बनाबाईंच्या. तेव्हापासून दोन्ही घरी चूलच.

तेल तुम्ही सांगितलं तसं घातलं. करडईचं.

आता भूमची हकिकत सांगते, ही वहिनींना वाचून दाखवू नका. ह्यांनी अंड्यांचं पोतं मागं बांधलं आणि निघाले. शॉकप पहिल्यासारखेच ढिम्म. अंडी फुटली, ती पोत्यातून गळून तापलेल्या सायलेन्सरवर पडायला लागली. वायसर जरा सैल, त्यामुळं वरून करडईचं तेल ठिबकत होतं. वाटेतल्या प्रत्येक वस्तीवरची कुत्री मागं लागली. हे भूमला पोचले तेव्हा बाजारातली माणसं विचारत होती, कुणाच्या घरी पाहुणे आलेत. बोर्डिंगच्या आचाऱ्यानं कालथा आणून सायलेन्सर खरवडला आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

नेमके तेव्हाच साहेब तिथं होते. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी तारीख दिलीय, २० मे, मंगळवार. त्या दिवशी एक ट्रे वाशीहून भूमला त्यांच्यासमोर अखंड आला पाहिजे. नाही आला तर तिथंच सोसायटी बंद.

आत्याबाईंना करडईच्या तेलाचं कळलं. म्हशीला म्हणाल्या, "आपल्याला भाकरीवर तेलाचा थेंब न्हाई, आन् फटफटीला फोडणी."

सुमन


सोलापूर
१७ एप्रिल १९८६

चि. सुमन,

करडईच्या तेलासारखं, असं मी लिहिलं होतं. करडईचं घाल असं नाही. असो. बसवराजला सांगायचा धीर झाला नाही, ते मी गाळलं.

मी बराच विचार केला. एवढं धुऊनपुसून शॉकप दबत नाहीत, म्हणजे धूळ. तुमच्याकडं धूळ काय कमी आहे? धूळ आत जाते आणि दांडा आवळतो, जसं सुईच्या दांडीत दोरा अडकतो. म्हणून तू कळवलेल्या हातभर लांबीवरून, रुंदी अंदाजानं धरून, दोन शॉकपना दोन झब्बे शिवून पाठवतोय. टेरिकॉट आहे, आतून अस्तर, खाली नाडी. दोन बोटं ढिला ठेवलाय, दबताना ताण यायला नको. बटणं चार लावलीत. तीन पुरली असती, पण साहेब बघणार आहेत.

एक स्प्रिंग जरा बसवराजसाठी पाठवून दे. तो म्हणाला, बघितल्याशिवाय तो बोलणार नाही. बघितल्यावर तरी बोलेल अशी आशा.

तुझा आण्णा


वाशी
२८ एप्रिल १९८६

आण्णा,

झब्बे पोचले. शिलाई सुंदर आहे. शॉकप तसेच आहेत.

बाया बघायला येतात. नागम्मा म्हणून एक म्हातारी आहे, ती शॉकपना हळदकुंकू लावून गेली, म्हणाली, देव कोणता ते कळलं नाही पण कपडे नवे दिसले. आत्याबाई म्हशीला म्हणाल्या, "सुनंला लुगडं न्हाई घेतलं भावानं, फटफटीला झबलं धाडलं." हे मात्र मला पटलं.

एक सांगायचं राहिलं. पाठवायची म्हणून स्प्रिंग पुसून ओट्यावर ठेवली होती. मी बाहेरून आले तर आत्याबाई ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदरानं पुसत होत्या. मला बघितलं तशी खाली ठेवली. मामंजींची आठवण येत असणार. मामंजी म्हणजे अंगानं केवढे, दारातून तिरपे होऊन यायचे म्हणतात. मी विचारायला जाणार होते, पण बोलणंच बंद, काय विचारणार.

आण्णा, आता खरं लिहिते. मला झोप लागत नाही. बाया खडीवर भेटल्या की विचारतात, सुमनबाई, जमलं का? मी म्हणते, जमतंय. जमत काहीच नाही. कडूबाईच्या घरी तीन लेकरं आहेत आणि दोन कोंबड्या, बस, एवढाच संसार. तिला मी शब्द दिलाय. हे हसण्यावारी नेऊ नका.

स्प्रिंग एस.टी.च्या डायवरकडं दिलीय. आधी घेत नव्हता. अंडं नाही म्हणून शपथ खाल्ली तेव्हा घेतली.

सुमन


तार
सोलापूर, ६ मे १९८६

सुमनबाई, मु. पो. वाशी
वजन वाढवा. आण्णा.


वाशी
११ मे १९८६

आण्णा,

तार मिळाली. तार आली म्हणून गल्ली गोळा झाली, आत्याबाईंनी तर आधी रडून घेतलं. वाचली तेव्हा कुणाला काही कळेना. बनाबाईंना कळलं. म्हणाल्या, गाडी चालवणारा हलका आहे म्हणून ती उडते, तुमच्या मालकाचं वजन वाढवायचं.

खरंच आहे, हे म्हणजे नुसती काडी. साहेबांच्या तारखेला दोन आठवडे होते. सगळ्या सभासदांनी मनावर घेतलं. फुटकी अंडी, कुणाचं तूप, कुणाच्या घरचा गूळ, कडूबाईनं तर पोरांनासुद्धा कधी दाखवलं नसेल असं लोणी आणलं. हे सकाळी खायचे, दुपारी खायचे, खडीवरून येताना बाया विचारायच्या, आज किती खाल्लं. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर आम्ही ह्यांना बसवून यायचो. दुकानदार म्हणाला, बकरीसुद्धा असं रोज मोजत नाहीत.

शुक्रवारपर्यंत वाढलं. मग पोट बिघडलं. होतं तेही गेलं आणि पदरचंही गेलं. आता हे पूर्वीपेक्षा हलके आहेत, ओट्यावर पडून असतात आणि तुमचं नाव काढलं की भिंतीकडं वळतात.

तार नीट करायची होती. दोन शब्दांचे पैसे वाचवून तुम्ही काय बंगला बांधणार होता का? ताबडतोब सविस्तर लिहा.

सुमन


सोलापूर
१४ मे १९८६

चि. सुमन,

श्रीपतरावांची माफी माग. मला त्यांना दाखवायला तोंड उरलं नाही.

हे पत्र आणि स्प्रिंग एस.टी.च्या डायवरबरोबरच पाठवतोय, टपालाचा भरवसा नाही. बरोबर बाटलीत तेल आहे, मोटारसायकलचं. स्वयंपाकाला वापरू नकोस.

झालं ते असं. स्प्रिंग मी ट्रकखाली सरकवली. ठोकाठोकी थांबली. मग बसवराज बाहेर आला. अख्खा. माझ्या अंदाजापेक्षा बुटका निघाला. स्प्रिंग त्यानं उजेडात धरली, दाबून बघितली, दुकानातल्या पोत्यावर ठेवून त्याच्यावर स्वतः बसून बघितली. मग म्हणाला, "ही मोटारसायकलची नाही." म्हणजे आपला गोरोबा खरा निघाला. त्याची माफी तूच माग.

बसवराज म्हणतो, ही कुठल्यातरी लोहारानं मुद्दाम वळलीय, जाड तारेची, दणकट ओझ्यासाठी. तुझ्या श्रीपतरावांचं वजन म्हणजे तिला माशी बसल्यासारखं, दबणार कशी? शॉकप बिघडलेच नव्हते. ओझ्याची वाट बघत होते. आता नवी स्प्रिंग वळायला वेळ नाही. उपाय एकच, मागच्या सीटवर भरभक्कम वजन. दगडाचं पोतं नको, ते आदळतं. जिवंत माणूस पाहिजे, दणदणीत, मांडीवर ट्रे धरून बसेल असं. मग ती गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाईल, असं बसवराज म्हणाला. लोणी माझं, बाकी त्याचं.

तुझ्या सासऱ्यांनी असली स्प्रिंग कशाला घडवली असेल? पोती वाहत असतील. किंवा रझाकारांपासून काहीतरी लपवून नेत असतील. मला तर संशय येतो.

तुझा आण्णा


वाशी
२२ मे १९८६

आण्णा,

आता सावकाश बसून वाचा.

तुमचं पत्र वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. गावात दणदणीत माणूस आणायचं कुठनं? खडी फोडून आणि भाकरी वाटून खाऊन सगळ्या बाया चिपाडासारख्या झाल्यात. बनाबाईंनी बसून बघितलं, शॉकप हलले नाहीत. बनाबाई आणि कडूबाई दोघी बसल्या, ट्रे धरायला जागा उरली नाही. दुष्काळातही अंग धरून असलेलं माणूस अख्ख्या वाशीत एकच, आणि ते माझ्याच ओसरीवर बसलेलं. त्याला अंड्याचा विटाळ.

मग मी गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं बसले. आत्याबाईंना ऐकू जाईल असं म्हशीला सगळं सांगितलं. स्प्रिंग जाड आहे, मागं वजन लागतं, मंगळवारी साहेब येणार, सोसायटी मोडली की कडूबाईच्या पोरांचं काय. मी म्हणाले, बाई, तूच बसली असतीस तर बरं झालं असतं. आणि मला रडू आलं.

आत्याबाई उठून गोठ्यात आल्या. वर्षात पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलल्या. "ती इस्प्रिंग पोत्यांसाठी न्हाई. माझ्यासाठी हाय."

आण्णा, त्यांनी सांगितलं ते असं. ह्यांच्या आधी त्यांची दोन लेकरं गेली. दोन्ही वेळा दिवस भरत आल्यावर बैलगाडीनं धाराशिवच्या दवाखान्याला निघाल्या आणि दोन्ही वेळा वाटेतच सगळं संपलं. सुईण म्हणाली, हादऱ्यानं गेली. खरं काय ते देव जाणे. तिसऱ्या खेपेला मामंजींनी फटफटी घेतली. तिची स्प्रिंग दोघांच्या वजनाखाली पार बसायची. मग त्यांनी टांग्याच्या कमानी बनवणाऱ्या लोहाराकडनं नव्या वळून घेतल्या. वजन कळावं म्हणून आत्याबाईंना अडतीच्या मोठ्या काट्यावर बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. "सगळा बाजार बघत हुता. मला मेल्याहून मेल्यागत झालं. त्यास्नी कायबी वाटलं न्हाई." त्याच गाडीवर येरमाळ्यावरून धाराशिवला गेल्या. पोटाला हादरा बसला नाही. हे जन्मले.

मी म्हणाले, आत्याबाई, आधी का नाही सांगितलं? आम्ही शेवयाच्या साच्यात शॉकप घातले, तेल ओतलं, ह्यांचं पोट बिघडवलं.

"इचारलं कुणी? आन् असली गोष्ट काय अंड्यांसाठी सांगावी?" मग म्हणाल्या, "पर कडूबाईची लेकरं बी लेकरंच हायती. बसते म्या. अंड्याला हात लावणार न्हाई."

मंगळवारी त्यांनी मामंजींचा पटका काढला. ट्रे त्यात गुंडाळला, म्हणजे अंड्याला शिवायचा प्रश्न नाही. अंडी म्हणायचं नाही, सामान म्हणायचं, असं ठरलं. तुमचं तेल भरलं होतं, झब्बे धुऊन घातले होते. त्या मागं बसल्या आणि आण्णा, फटफटी खाली गेली. पहिल्यांदा. आणि सावकाश वर आली. ह्यांनी मागं वळून बघितलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशक्तपणामुळं असेल.

मी आणि बनाबाई आधीच्या एस.टी.नं भूमला जाऊन बोर्डिंगच्या दारात उभ्या राहिलो. साहेब टेबल टाकून बसले होते. फटफटी आली. खडीवरून येत होती आणि आत्याबाई मांडी घातल्यासारख्या शांत, मागच्या सीटवर पाळण्यात बसल्यागत खालीवर होत होत्या. कुत्री मागं नव्हती.

पटका सोडला. एकसुद्धा फुटलं नव्हतं. साहेबांना खरं वाटेना. खालून तडे असतील म्हणून त्यांनी ट्रे उचलून डोक्यावर धरला, खालून बघायला. आणि तो त्यांच्या हातातून निसटला.

साहेबांच्या बुटांवर, कागदांवर, सगळीकडं बलक. बनाबाईंनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपलं. तेव्हा आत्याबाई पुढं झाल्या. "साहेब, वाशीपासून इथवर आमी न फोडता आणली. फोडली तुमी. तसं लिवा."

साहेबांनी रुमालानं कागद पुसला आणि तसंच लिहिलं. सोसायटी चालू राहणार. कडूबाई रात्री आमच्या घरी येऊन नुसती बसून गेली.

येताना भूमच्या स्टँडवर चहा घेतला. हे गाडीपाशी उभे होते, झब्ब्याची नाडी बांधत. आत्याबाई त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "ह्यो बी असाच आणला हुता. न फुटता." मग बशी बनाबाईंकडं सरकवली आणि म्हणाल्या, थोडा घ्या, गार होतोय. बनाबाईंनी घेतला.

आता त्या दर मंगळवारी जाणार आहेत. माझ्याशी बोलतात, त्यामुळं म्हैस एकटी पडलीय. त्यांच्या बुडाखाली घालायला एक गादी शिवून पाठवा, झब्ब्याच्या कापडातलीच, मापाची दोरी पत्रात ठेवलीय, ती चुकून लांब कापलेली नाही, माप तेवढंच आहे. बसवराजला माझा नमस्कार सांगा, ह्या खेपेला पायांना नको.

३ जूनचा मंगळवार एकादशीचा आहे. मी भीतभीत विचारलं, आत्याबाई, ह्या वेळी राहू द्यायचं का? तर म्हणाल्या, "का बरं? सामान कसलं असतंय ते म्या कवा बघितलंय?"

तुमची सुमन